सेड टू कन्टेन

वडील गोदीत टॅली क्लार्क होते.
इंदिरा डॉक, कानामागे शिसपेन.
पोतं डोळ्यांनी दिसलं तर रेघ,
चार उभ्या, पाचवी आडवी.
खोकं बंद असेल तर कागदावर शिक्का :
सेड टू कन्टेन.
म्हणजे आत चहा आहे असं पाठवणारा म्हणतो,
आम्ही उघडून पाहिलेलं नाही.
त्या एका शिक्क्यावर तेहेतीस वर्षं
त्यांना शांत झोप लागली.

रेडिओला तेवढा शिक्का नव्हता.
माझगावच्या खोलीत रात्री
शॉर्टवेव्हचा काटा केसभर इकडे, केसभर तिकडे,
आणि खरखरीतून लंडन बोलू लागलं
की आईनं भांडं वाजवायचं नाही.
आणीबाणीत इथल्या पेपरांत कोऱ्या जागा,
तेव्हा आमच्याच गल्लीपलीकडे काय घडलं
ते समुद्रापलीकडचा माणूस सांगायचा,
सावकाश, एकदाही न खोकता.
वडील म्हणायचे, त्याला काय पडलंय खोटं बोलायचं?
हे खोकं त्यांनी कधी उघडलं नाही.

मी फोर्टात, रात्रपाळीला.
परदेश डेस्क म्हणजे मी आणि गळका एसी.
अणावकर बाईंनी तीन प्रयोग शिकवले होते,
कर्तरी, कर्मणी, भावे.
पावणेबाराला एजन्सीची कॉपी येते, तिच्यात चौथा असतो :
कर्ता घरी नाही.
एका बाजूची माणसं मारली जातात
नावानिशी, वयानिशी, पाळलेल्या कुत्र्याच्या नावानिशी.
दुसऱ्या बाजूची दगावतात.
आकडा, आणि आकड्याच्या मागे लगेच
'असा त्यांचा दावा'.
बॉम्ब पडतो.
आंबा पडतो तसा.

खालच्या मजल्यावरचा इकबाल सोलकर
जहाजावर ऑइलर, त्याच बंदरात अडकलेला.
शमीमनं जिन्यात त्याचा आवाज ऐकवला :
गव्हाचं गोदाम होतं गं,
बुटांत अजून भाजके दाणे सापडतायत.
माझ्या स्क्रीनवर :
शस्त्रांचे कोठार असल्याचे समजते.
कुणाला समजते?

खरं सांगायचं तर
इकबालनंही प्रत्येक पोतं उसवलं नसेल.
आणि गच्चीवर सिगरेट ओढणारा निषाद,
जो म्हणतो गोरे साले सगळेच खोटारडे,
त्याचा लंडनवरून उठलेला विश्वास
उभा थोडाच राहिला?
जाऊन बसला फॉरवर्डवर.
रोज सकाळी सात वाजता तो मलाही पाठवतो,
वर गुलाबाचं फूल.

आणि 'रे रोडची वस्ती हटली',
हा मथळा कुणा गोऱ्याचा नाही. माझा.
हटली.
जणू चटई गुंडाळून आपणहून चालती झाली.
बुलडोझर होता, पालिका होती, पोलीस होते,
दोन कॉलमांत कर्ता मावत नव्हता.

त्या रात्री मी शेवटी लिहिलं :
कोठार असल्याचे एजन्सी म्हणते.
आम्ही उघडून पाहिलेले नाही.
पाटणकरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
हे काय? पेपर आहे की पावती?
एजन्सीचं आहे ना, जाऊ दे तसंच,
आणि दुसरं वाक्य उडवलं.
मग पहिल्यातलं 'एजन्सी म्हणते' पण.
जागा नव्हती.
मी भांडले नाही. सव्वाची गाडी निघायची होती,
आणि खरंच, मी पाहिलं कुठे होतं?

सकाळी शमीम दारात,
हातात आमचाच पेपर, केस ओले.
बोट ओळीओळीवरून फिरवत
एकदा वाचलं, पुन्हा वाचलं,
मग पान उलटून मागे पाहिलं.
मागे सोन्याचा भाव होता.
म्हणाली, ताई,
ह्यात गहू कुठाय?